बायच्या मिठाचा दोष नव्हता

सकाळी दहा वाजता टाकीवरचे निळे दिवे लागतात. एकदम नाही. आधी जेमतेम जाणवतील इतके, मग चढत चढत तासाभरात पुरते, आणि त्यानंतर पांढरे दिवे त्यांच्यात मिसळू लागतात. ही वेळ मी सहसा चुकवत नाही. चहाचा कप घेऊन समोर खुर्ची टाकतो. पोवळी तेव्हा मिटलेली असतात. मधल्या दगडावर एक मोठं पोवळं आहे, थाळीएवढं, पिवळट, जाड कातड्यासारखं. अंधारात ते कुणी विसरून गेलेल्या चामड्याच्या तुकड्यासारखं दिसतं. उजेड चढतो तसा त्याच्या अंगावर काटा येतो. काट्याचे दाणे होतात, दाण्यांचे तंतू होतात, आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला आठ पाकळ्यांचं एक बारीक फूल उघडतं. अशी शेकडो फुलं. एखाद्या माशाचं शेपूट घासून गेलं तर तेवढ्या भागातली आत जातात, आणि मासा लांब गेल्याची खात्री पटली की पुन्हा एकेक करून बाहेर येतात.

आठ वर्षं झाली मी हे बघतो आहे. माझं वय चौऱ्याहत्तर आहे आणि अजून मला याची सवय झालेली नाही.

पण लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. पाच वर्षांपूर्वी ही टाकी एकदा पूर्ण मेली होती. माझ्या थोरल्या बहिणीने आणलेल्या मिठामुळे ती मेली, असं आमच्या नात्यात सगळे समजतात. ते खरं नाही. तसं मीच म्हटलं होतं, हळदीच्या मांडवात, भरल्या घरात. आणि खरं काय ते कळल्यावर मी गप्प बसलो.

पस्तीस वर्षं मी पेणहून रोह्याला नोकरीसाठी जात होतो. रसायनांच्या एका कारखान्यात पाणी तपासायचं काम. आत येणारं पाणी, बाहेर जाणारं पाणी, त्यात काय किती आहे ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. निवृत्त झाल्यावर पाच-सहा वर्षं मी काहीच केलं नाही. मग एकदा रोह्याला एका लग्नाला गेलो असताना शेजारच्याच अष्टमी गावातल्या एका जुन्या ओळखीच्या गृहस्थांच्या घरी थांबलो. ते सव्वीस वर्षं आखातात होते. तिथल्या एका मोठ्या हॉटेलातल्या शोभेच्या टाक्या सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. परत आल्यावर त्यांनी स्वतःच्या घरात एक टाकी मांडली होती. बैठकीच्या खोलीत पडदे ओढलेले, आणि त्या अंधारात निळ्या उजेडाचा एक चौकोन. त्यात हिरवी आणि केशरी, बटणांसारखी पोवळी पेटल्यासारखी चमकत होती. बाजूला फिकट गुलाबी हातांचा एक झुबका होता आणि तो हलत होता. पाण्याने नव्हे, स्वतःहून. शेकडो छोटे हात मुठी मिटत होते आणि उघडत होते, थांबत नव्हते.

पोवळं म्हटलं की मला अंगठीतला लाल खडा आठवायचा. मी विचारलं, "हे जिवंत आहे?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त," ते म्हणाले. "आपन निदान दुपारी झोपतो."

लग्नाचा मुहूर्त टळून गेला. मी जेवायलाच पोचलो.

शिकवलं सगळं त्यांनीच. पहिल्या दिवशी बजावलं की दगडी सांगाड्याची पोवळी पाळायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, त्यांच्या वाटेला जायचं नाही. मऊ अंगाची तेवढीच ठेवायची. पाण्यात मीठ किती हवं, ऊब किती हवी, पाणी फिरतं कसं ठेवायचं हे सांगितलं. आणि उजेडाबद्दल सांगितलं. पोवळ्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती राहतात. त्या उजेडावर अन्न तयार करतात आणि ज्याच्या अंगात राहतात त्याला त्यातलं देतात. उजेड कमी पडला तर ते उपाशी राहतं. एकदम जास्त दिला तर घाबरून त्या वनस्पतींना बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. म्हणून एलईडीचा उजेड आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा. मी घाई केली आणि पहिली दोन बटणं पांढरी करून बसलो. फोन केला तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, आजारी मानसाला पयल्या दिवशी मटन नाय वाढत. पेज द्या." मी दिवे निम्म्यावर आणले. दोन महिन्यांनी त्या बटणांच्या मध्यावर टाचणीच्या टोकाएवढा हिरवा ठिपका परत आला. तो पहिल्यांदा दिसला त्या दिवशी मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. त्यांना काही दिसलं नाही.

माझ्या पत्नीने हे सगळं तिच्या पद्धतीने सोसलं. पेणच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापू नये म्हणून मी त्यावर दोन छोटे पंखे लावले, तेव्हा ती आल्या-गेल्याला सांगायची, "माझ्या डोक्यावर एक पंखा हाय, तो पन करकरतो. त्या पान्यावर दोन." हमरापूरला गणपती रंगवणारा आमचा एक भाचा आला होता. तो टाकीसमोर मांडी घालून बसला, काचेला नाक लावून. शेवटी म्हणाला, "मामा, हा हिरवा डब्यात मिळत नाय. मी लय शोधलाय."

पण माझ्या टाकीकडे खरं कुणी पाहिलं असेल तर माझ्या बहिणीने. तिला आम्ही बाय म्हणतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. खाडीकाठच्या गावात दिलेली. ती आणि आमचे भाऊजी, दोघांनी उभा जन्म मिठागरात काढला. तिचं माहेरचं, म्हणजे आमचं, कुळही मिठागराचंच, पण मी शाळा शिकलो आणि त्यातून सुटलो. बाय सुटली नाही, आणि तिला सुटायचं होतं असंही मला कधी वाटलं नाही. दर वर्षी पहिलं मीठ निघालं की त्याची एक टोपली ती माझ्या घरी आणायची. मिनिडोअर रिक्षात टोपली मांडीवर घेऊन बसायची, खाली ठेवायची नाही.

टाकी सुरू झाली त्या वर्षी ती टोपली घेऊन आली तेव्हा दिवे पुरते चढलेले होते. तिने टोपली माझ्या हातात दिली आणि पदराने डोळे पुसून पुढे वाकली.

"हे झाड का जनावर?"

"जनावर."

"मग तोंड कुठं हाय?"

"तू बघतेस ती सगळी तोंडंच आहेत."

"एवढी तोंडं," ती म्हणाली, "आनि आवाज नाय. तुझ्या घरात नवलच हाय."

आतून माझी पत्नी म्हणाली, "ऐकू येतंय मला, बाय."

"म्हनून तर मोठ्यानं बोलले, गो." मग माझ्याकडे वळून, "खातात काय?"

"उजेड."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. त्या मिटणाऱ्या-उघडणाऱ्या हातांकडे बघत म्हणाली, "आमी पन उनावरच जगलो की. ऊन पडलं तर मीठ, मीठ झालं तर भात."

मग तिने मला न विचारता पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं. जीभ टाळ्याला लावून थोडी थांबली. "खाडीपेक्षा घट्ट. भरतीचं पानी पयल्या वाफ्यात घेतल्यावर चार दिसांनी जसं लागतं, तसं. त्याच्यावर थोडं असंल तर असंल." मी पाण्याचा खारटपणा मोजायची नळी आणली, तिच्या काचेवर थेंब टाकला, उजेडाकडे धरून पाहिलं. त्या दिवशी मी पंख्यामुळे उडालेलं पाणी भरलं नव्हतं. आतली रेघ जिथे हवी त्याच्या जराशी वर होती. मी पस्तीस वर्षं उपकरणं वापरलेला माणूस. ती नळी हातात धरून मी तिच्याकडे बघत राहिलो. पुढे मी तिला चाखायची मनाई केली, काही पोवळ्यांच्या अंगात विष असतं म्हणून. तरी ती आली की बोट बुडवून पाणी बोटांत चोळून तरी बघायचीच, आणि सांगायची: आज पातळ हाय, आज बरोबर हाय. एकदाही चुकली नाही.

तिने एक गोष्ट सांगितली ती मी विसरलो नाही. मिठागरात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाताना घट्ट होत जातं, आणि प्रत्येक वाफ्यावर काही ना काही मरतं. आधी मासे, मग कोळंबी, मग शेवाळ. शेवटच्या वाफ्यात पाणी लालसर होतं आणि त्यात काहीच उरत नाही, फक्त मीठ. "मी आख्खा जन्म पानी मरताना बघितलं रं," ती म्हणाली. "ह्या पान्यात उलटं चाललंय." त्यानंतर ती महिन्यातून एकदा तरी यायची. बरोबर भाऊजीही यायचे. ते बोलायचे कमी. पायरीवर बसायचे, चहा घ्यायचे, बायने हाक मारली की आत येऊन मागे हात बांधून टाकीसमोर उभे राहायचे.

तिसऱ्या वर्षी कातड्यासारखं पोवळं एवढं वाढलं की त्याची सावली खालच्या बटणांवर पडू लागली. रोह्याचे मित्र आले आणि त्यांनी धारदार पात्याने त्याची कड सरळ कापली. मला बघवेना. त्यांनी तो तुकडा एका दगडाच्या खपलीवर दोऱ्याने बांधला आणि डब्यात घालून रोह्याला नेला. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला की तुकड्याने दगड धरला. इकडे माझ्या पोवळ्याची कापलेली कड भरून आली होती. म्हणजे एकच जीव पेणलाही होता आणि रोह्यालाही. मी हे बायला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग खरा कोनचा?" 

त्या मे महिन्यात माझ्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. उकाडा फार. पंखे चोवीस तास चालू, त्यामुळे पाणी भराभर उडायचं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून रोज गाळणीयंत्रातून काढलेलं गोडं पाणी चार-पाच लिटर वरून घालावं लागतं. हे पाणी मी प्लास्टिकच्या पिंपात साठवत असे. लग्नाच्या गडबडीत मंडपवाल्याच्या माणसाने बांबू टेकवला आणि पिंपाला चीर गेली. नवीन आणायला बाजारात जायला सवड नव्हती. मी स्वयंपाकघरातला मोठा तांब्याचा हंडा उचलला आणि त्यात पाणी साठवू लागलो. लग्नघर म्हणून माझी पत्नी तो दिवसाआड चिंचेने घासून लखलखीत करत होती. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं, रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी सगळ्यात शुद्ध. मला तर त्या दिवसांत उलट समाधान वाटत होतं, की टाकीला चांगलं पाणी मिळतंय.

त्याच आठवड्यात टाकीच्या मिठाचं पाकीट मुंबईहून यायला उशीर झाला. बाय लग्नासाठी आधीच येऊन राहिली होती आणि बरोबर मिठाची टोपली होती. ती म्हणाली, "हे पन समुद्राचंच हाय. घाल की." टाकीचं मीठ वेगळं असतं हे मला ठाऊक होतं. मिठागरात जे उरतं ते समुद्रातलं सगळं नव्हे. पण आठवड्याचं एक बादली पाणी बदलण्यापुरताच प्रश्न होता. मी तिच्यासमोर ते विरघळवलं, गाळलं, आणि टाकीत घातलं. तिला केवढा आनंद झाला होता. भाऊजींना हाक मारून म्हणाली, "आपलं मीठ पीत्यात बघा."

आधी गोगलगायी पडल्या. काचेवरून सुटून वाळूवर उलट्या. मग त्या गुलाबी मुठी थांबल्या. तीन वर्षं मी त्यांना कधी थांबलेलं पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या विरघळायला लागल्या, शिजलेल्या साबुदाण्यासारख्या. मोठं पोवळं एका बाजूला कलंडलं आणि त्याच्या अंगावरून चिकट तार सुटू लागली. हळदीच्या दिवशी सकाळी घरभर वास सुटला होता. मांडवात बाया जमल्या होत्या, गाणी चालू होती, आणि व्याह्यांकडच्या कुणीतरी नाकाला पदर लावून विचारलं, "काय मेलं काय घरात?"

मला लाज वाटली. झोप नव्हती, आणि तीन वर्षांचं सगळं डोळ्यांदेखत सडत होतं. मी बायकडे बोट केलं. म्हणालो, "हिच्या मिठानं मेलं. विष आहे हिच्या मिठात."

गाणी थांबली. बायच्या हातात हळदीची वाटी होती. तिने ती हळूच खाली ठेवली. भाऊजी मांडवाच्या खांबाशी उभे होते. ते म्हणाले, "आमच्या मिठात काय नसतं. ऊन आनि खाडी." एवढंच. दोघं लग्न होईपर्यंत राहिले, सगळं केलं. परत जाताना बायने स्वयंपाकघरातली तिची टोपली उरलेल्या मिठासकट उचलून नेली.

लग्नानंतर चौथ्या दिवशी रोह्याहून मित्र आले. टाकीत बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मासे?"

"मासे बरे आहेत."

"मासे जिवंत, गोगलगाय मेली, पोवळी मेली. हे मिठाचं काम नाय, भाऊ. मीठ बिघडलं असतं तर मासे पयले वर आले असते." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. हंडा टाकीच्या बाजूलाच होता, काठोकाठ भरलेला, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात पेटल्यासारखा दिसत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे. मी उठून जुन्या पेटीतून तांबं तपासायचे थेंब काढले. टाकीच्या पाण्यात घातले. रंग आला.

हा रंग मी कारखान्यात हजारदा पाहिला होता. तांबं माणसाला चालतं, माशालाही थोडंफार चालतं. पाठीचा कणा नसलेल्या या जिवांना ते विष आहे. हे मला माहीत होतं. गाळून गाळून रिकामं केलेलं पाणी भांड्यातलं काहीतरी ओढून घेतंच, हे मी प्रयोगशाळेत नव्या मुलांना शिकवलेलं होतं. त्यात तो हंडा दिवसाआड घासलेला, अंग उघडं पडलेला. जे मी पस्तीस वर्षं मोजत होतो ते मी माझ्या हाताने रोज पाच लिटर ओतत होतो, आणि ते घरातलं भांडं होतं म्हणून मला दिसलं नाही.

मित्र म्हणाले, "बायला सांगून टाका. आजच."

मी म्हणालो, "सांगतो."

सांगितलं नाही. हंडा माळ्यावर टाकला, नवीन पिंप आणलं. पत्नीला सांगितलं की हंडा जड होतो. पहिल्या महिन्यात लाज वाटत होती. पुढे वाटलं, विषय निघाला की बोलू. बाय येत नव्हती, त्यामुळे विषय निघत नव्हता. नातेवाईक मात्र काढत. कुणाच्या घरी लोणचं नासलं तरी गमतीने म्हणत, बायचं मीठ घातलं काय? मी ते ऐकून घेत असे.

टाकी मी रिकामी केली, दगड फेकले, सगळं नव्याने मांडलं. सहा महिन्यांनी रोह्याचे मित्र डबा घेऊन आले. त्यात माझ्याच पोवळ्याचा तुकडा होता, त्यांच्याकडे वाढलेला, बशीएवढा. इथे मेलेलं तिथे जगत राहिलं होतं. तो त्यांनी दगडावर ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी दिवे चढताना त्याने पहिली दहा-बारा फुलं उघडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मित्र शेजारी बसून होते. ते म्हणाले, "सांगितलंत?" मी मान हलवली, नाही म्हणून. त्यानंतर ते कधी विचारत नसत, पण फोन ठेवताना बाय कशी आहे ते मात्र विचारायचे.

दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले.

यंदा गौरीला बाय आमच्याकडे आली, सुनेने फारच आग्रह केला म्हणून. टाकी असलेल्या खोलीत ती गेली नाही. दारावरून वळून थेट स्वयंपाकघरात गेली. मी बाहेर बसलो होतो. आतलं ऐकू येत होतं. बायने वालाचं बिरडं केलं, नारळ वाटला, फोडणी दिली, आणि मग म्हणाली, "मीठ तू टाक गो."

सून म्हणाली, "तुम्हीच टाका ना, आत्या. तुमचा अंदाज बरोबर असतो."

"नको. मिठाला माझा हात वाईट हाय."

ती हे रडून म्हणाली नाही. सर्दी झाली आहे म्हणावं तसं म्हणाली. समोर टाकीत सगळं उघडलेलं होतं, कधी नव्हे इतकं सुंदर, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

गौरी गेल्यावर चौथ्या दिवशी मी मिनिडोअरने तिच्या गावाला गेलो. ती ओट्यावर बसून जवळा निवडत होती. उन्हात टोपलं ठेवलेलं होतं. मला बघून म्हणाली, "कोन मेलं?"

"कुणी नाही. एक सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. हंडा, चिंच, थेंब, रंग. ती निवडत होती. हात थांबला नाही.

"कदी कळलं?"

"त्याच आठवड्यात. लग्नानंतर चौथ्या दिवशी."

हात थांबला. तिने टोपलं बाजूला सारलं. मग म्हणाली, "त्यांनी शेवटच्या दोन हंगामांत मीठ दोनदा धुतलं. वाफ्यातून काढायचे आनि पुन्ना धुवायचे. बाकीचे हसायचे. धुतल्यावर निम्मं पान्यात जातं रं. मी म्हनायची, कशाला? म्हनायचे, काय असंल तर निघून जाईल."

मी म्हणालो, "बाय, माझं चुकलं. मला माफ कर."

"मला नको सांगू." ती उठली, चपला घातल्या. "चल."

आम्ही खाडीच्या बांधावर गेलो. आगर आता बंद आहे. वाफ्यांत तिवरांची खारफुटी उगवली आहे, पण काही चौकोन अजून उघडे आहेत, आणि भरतीचं पाणी त्यांत येऊन बसलं होतं. लांबवर डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्या. आभाळ फाकलं होतं आणि त्या प्रत्येक चौकोनात वेगळा उजेड पडला होता, एकात राखाडी, एकात पिवळा, एकात अगदी पांढरा. मी लहानपणी इथे कितीदा आलो असेन, पण पाण्यात एवढा उजेड मावतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. बाय एका वाफ्याच्या कडेला थांबली.

"हा त्यांचा. सांग."

मी इकडेतिकडे पाहिलं. मग पाण्याकडे तोंड करून म्हणालो, भाऊजी, तुमच्या मिठात काही नव्हतं.

"कोनाला सांगतोस?" बाय म्हणाली. "त्यांना कमी ऐकू यायचं. त्या दिशी ऐकू गेलं, एवढ्या मोठ्यानं बोललास. तेवढ्याच मोठ्यानं सांग."

मी ओरडून सांगितलं. हंड्याचं सांगितलं, माझ्या हाताचं सांगितलं, कळलं होतं आणि गप्प बसलो तेही सांगितलं. तिवरांतून दोन बगळे उठले. आवाज फाटला तरी ती पुरे म्हणाली नाही. मी थांबलो तेव्हाच ती वळली आणि बांधावरून पुढे चालू लागली. मी मागून.

थोडं गेल्यावर, मागे न बघता, तिने विचारलं, "मांडवात शंभर मानसं होती. त्यांचं काय?"

"लिहीन," मी म्हणालो. "सगळं लिहून सगळ्यांना देईन."

ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"लिही. पन नाव नको घालू. माझं नको, त्यांचं नको, तुझं पन नको. मिठाचं तेवढं लिही."